सह्याद्रीच्या घाटवाटा : एका दिवसाच्या चालीची प्रस्तावना

महाराष्ट्रातील डोंगरभटकंतीविषयी मराठीत जे विपुल लेखन झाले आहे त्याचा मोठा भाग किल्ल्यांना वाहिलेला आहे. पण यांतील कितीतरी किल्ले ज्या वाटांवर नजर ठेवण्यासाठी बांधले गेले, त्या वाटांना मात्र या लेखनात ‘गडावर जाण्याचा मार्ग’ अशा एखाद्या परिच्छेदापलीकडे सहसा जागा मिळालेली नाही. आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’सारखा, सह्याद्रीचा डोंगररांगांच्या अंगाने परिचय करून देणारा ग्रंथ या बाबतीत अपवाद म्हणावा लागतो. घाटवाट म्हणजे कोकणातून सह्याद्रीची भिंत चढून घाटमाथ्यावर, म्हणजेच दख्खनच्या पठाराच्या पश्चिम कडेवर, येणारी वाट. अशा लहानमोठ्या वाटा नाशिकपासून सिंधुदुर्गापर्यंत शेकड्यांनी आहेत. त्यांतील मोजक्यांचे मोटाररस्ते झाले, काही आजही गावकऱ्यांच्या पायांखालच्या आहेत आणि बाकीच्या कारवीच्या रानात बुजत चालल्या आहेत. प्रस्तुत ग्रंथाचा विषय या वाटा हा आहे. त्यातही सकाळी एका घाटाने उतरून किंवा चढून, दुसऱ्या घाटाने त्याच दिवशी निघाल्या जागी परत येण्याच्या लांब पल्ल्याच्या चाली हा त्याचा गाभा आहे.

अशी चाल जोड-घाटांचीच का असावी, याचे उत्तर सह्याद्रीच्या घडणीत आहे. हिमालयात खिंड ओलांडणे म्हणजे एका नदीच्या खोऱ्यातून चढून दुसऱ्या नदीच्या खोऱ्यात उतरणे. तेथे माथ्याच्या दोन्ही अंगांना उतार असतो, आणि जेवढे चढावे जवळपास तेवढे पलीकडे उतरावेही लागते. सह्याद्री ही मात्र भूकवचाला घड्या पडून वर उचलली गेलेली पर्वतरांग नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूकवचाच्या भेगांतून बाहेर पडलेल्या लाव्हाचे थरांवर थर साचून जे विस्तीर्ण पठार तयार झाले, त्या पठाराची पश्चिमेकडून झिजत आलेली कड म्हणजे सह्याद्री. त्यामुळे कोकणातील पायथ्याच्या, समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभर-दीडशे मीटर उंचीच्या गावातून निघालेला माणूस अवघ्या काही किलोमीटरांच्या अंतरात सहाशे ते नऊशे मीटर उंचीवर येतो, आणि माथ्यावर आल्यावर त्याच्यासमोर उतार नसतो. असतात ती भातखाचरे, नाचणीची वरकस जमीन, एखादी वाडी आणि पूर्वेला संथपणे वाहत जाणारा ओढा. चढण एकाच अंगाची, पलीकडे सपाटी. अशा घाटाला ‘ओलांडून’ पुढे गेलेला माणूस दुसऱ्या खोऱ्यात जात नाही, तो दुसऱ्या प्रदेशात जातो. तेथून पुढे जुन्नर, पुणे, वाई, कराड अशी बाजारपेठेची गावे लागतात आणि डोंगर संपतो. दिवसभर डोंगरातच राहायचे असेल तर भिंतीच्या कडेकडेने सरकून दुसऱ्या घाटाने परतणे एवढाच मार्ग उरतो. जोड-घाटांची चाल ही म्हणून निव्वळ हौस नाही, भूगोलानेच ती पुढ्यात टाकली आहे.

या घडणीचा दुसरा परिणाम चालणाऱ्याला पायाखाली जाणवतो. लाव्हाचे सर्व थर सारख्या कठीणपणाचे नाहीत. घट्ट, काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये सच्छिद्र, ठिसूळ थर आणि मधूनमधून तांबड्या मातीसारखे पट्टे येतात. ठिसूळ थर लवकर झिजतो, कठीण थर उभाच्या उभा तुटतो, आणि त्यातून एकाआड एक कडा आणि पदर अशी रचना तयार होते. पदर म्हणजे दोन कड्यांच्या मधली, बहुधा दाट झाडीची, डोंगराला बिलगून आडवी गेलेली सपाटी. घाटवाटेचे सारे कसब कडा कोठे फुटला आहे हे हेरण्यात असते. जेथे डोंगराचा एखादा फाटा पुढे झेपावत खाली उतरतो त्या सोंडेने किंवा धारेने वाट गेली तर ती प्रशस्त, वळणावळणाची आणि जनावरांना झेपणारी असते. जेथे सोंड नसते तेथे दोन कड्यांमधल्या उभ्या, अरुंद, दगडधोंड्यांनी भरलेल्या घळीतून, म्हणजे नाळेतून, उतरावे लागते. नाळही अर्ध्यावर तुटत असेल तर पदर गाठून कड्याच्या पोटातून आडवे जावे लागते, ज्याला डोंगरात ‘आडवी मारणे’ म्हणतात. आणि जेथे तोही इलाज नाही तेथे कातळात पावठ्या खोदलेल्या असतात किंवा लाकडाची शिडी टेकवलेली असते. अशा जागेला अनेक गावांत निसण किंवा निसणी म्हणतात. माथ्यावर वाट ज्या खाचेतून बाहेर पडते ती खाच काही भागांत ‘दार’ म्हणून ओळखली जाते. हे शब्द नकाशावर क्वचित सापडतात, पण वाटाड्याच्या बोलण्यात ते सतत येतात, आणि ‘नाळेनं जायचं की धारेनं’ या त्याच्या प्रश्नात दिवसाच्या कष्टांचा निम्मा हिशेब असतो.

घाटवाटा किती जुन्या, याला सर्वांत भक्कम पुरावा नाणेघाटाचा आहे. मुरबाडच्या पुढे वैशाखरे गावाजवळून चढणारी ही वाट जुन्नर तालुक्यातील घाटघरजवळ माथ्यावर येते. माथ्याजवळची खिंड अरुंद असून तिच्यातील वाट दगडांनी बांधलेली आहे. उजव्या-डाव्या कातळात पाण्याची टाकी कोरलेली आहेत आणि खिंडीच्या तोंडाशी एक लेणे आहे. या लेण्याच्या दोन्ही भिंतींवर सातवाहन राणी नागनिका हिचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लिपीतील दीर्घ लेख असून त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्या वेळी दिलेल्या गायी, नाणी इत्यादी दानांची आकडेवार नोंद आहे; भारतीय अंकचिन्हांच्या इतिहासात या लेखातील अंकांना फार महत्त्व दिले जाते. मागच्या भिंतीवर राजकुटुंबातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. त्यांची वर कोरलेली नावे टिकली, मूर्तींचे मात्र पायच काय ते उरले आहेत. राजघराण्याने आपल्या यज्ञांची आणि दानांची जाहीर नोंद राजधानीत न करता डोंगरातील एका खिंडीत करावी, यावरून त्या खिंडीतून रोज किती आणि कोणत्या प्रतीची वर्दळ होत असेल याची कल्पना येते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठण व तेर या देशावरच्या बाजारपेठा आणि कल्याण हे बंदर यांचे उल्लेख आहेत, आणि त्या बाजारपेठांना कल्याण व सोपारा या बंदरांशी जोडणाऱ्या मार्गांत नाणेघाट अग्रभागी होता. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकात गोळा करण्यासाठी होता असे परंपरा सांगते. रांजणाची ती कथा कोणी मान्य करो वा न करो, घाट हे उत्पन्नाचे साधन होते यात शंका नाही. जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे चार किल्ले एवढ्याशा टापूत उभे राहिले ते या वाटेसाठीच, आणि जुन्नरच्या आसपासच्या डोंगरांत कोरलेल्या दोनशेहून अधिक लेण्यांच्या दात्यांत व्यापारी व कारागीर दिसतात तेही याच वाटेमुळे.

नाणेघाटाइतका पुरावा इतर घाटांना लाभलेला नाही, पण लेणी आणि घाट यांची सांगड इतरत्रही दिसते. कार्ले, भाजे, बेडसे आणि कोकणातील कोंडाणे ही लेणी बोरघाटाच्या जुन्या मार्गांच्या अवतीभवती आहेत. तैलबैलाच्या पायथ्याकडून उतरणारा वाघजाई घाट ठाणाळे लेण्यांच्या रानात जातो. मध्ययुगात या वाटांचा कारभार अधिक तपशीलवार दिसू लागतो. घाटाच्या तोंडाशी जकातीची चौकी असे, आणि घाटावरील हिशेब पाहणाऱ्या अधिकाऱ्यांवरून घाटपांडे हे आडनाव पडले असे सांगतात. कोकणातून मीठ, सुकी मासळी, तांदूळ, नारळ वर जात. देशावरून गूळ, ज्वारी-बाजरी, कांदा, मिरची, तूप खाली उतरे. हा माल वाहणाऱ्या वंजाऱ्यांच्या आणि लमाणांच्या बैलांचे तांडे जेथून जाऊ शकत तो घाट मोठा, आणि जेथून केवळ डोक्यावर ओझे घेतलेला माणूस जाऊ शके ती पायवाट, एवढी ही साधी प्रतवारी होती. दक्षिणेला वेंगुर्ला बंदराला बेळगावाशी जोडणारा रामघाट असो की उत्तरेचा थळघाट, प्रत्येकाचे मोल बैलाच्या खुराने ठरत असे.

लष्करी इतिहासात घाटवाटेचे महत्त्व ज्या एका प्रसंगाने ठसठशीत होते तो २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत घडला. शायिस्तेखानाने कोकण काबीज करण्यासाठी पाठवलेला कारतलबखान लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटाने फौज घेऊन उतरला; खाली चावणी गावाजवळच्या अरुंद, झाडीने भरलेल्या आणि त्या ऋतूत पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या खिंडीत शिवाजी महाराजांच्या सैन्याने त्याला पुढून-मागून कोंडले, आणि सोबतच्या रायबागन या मोगलांकडील सरदार स्त्रीच्या सल्ल्याने खानाला सारे सामान टाकून शरण जावे लागले. या लढाईची वर्णने बहुधा गनिमी काव्याच्या अंगाने होतात. चालणाऱ्याच्या दृष्टीने तिच्यातील लक्षणीय बाब वेगळी आहे : घाट उतरताना खानाच्या फौजेला कोणीही अडवले नव्हते. उतरण्यात दमलेली, लांबच लांब एकेरी रांग झालेली आणि तहानलेली फौज खालच्या सपाटीवर सावरण्याआधी गाठली गेली. आजही घाटवाटांवरचे बरेच अपघात भर उतारावर नव्हे, तर उतार संपत आल्यावर, पाय थकलेले आणि पाणी संपलेले असताना होतात.

या वाटांचा ऱ्हास सावकाश झाला. बोरघाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला, त्याच घाटातून रेल्वे १८६३ मध्ये धावू लागली आणि थळघाटातून १८६५ मध्ये. ज्या घाटाला चाक लाभले त्याने शेजारच्या पाचपन्नास घाटांचा माल ओढून घेतला. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे पुणे, ठाणे, कुलाबा हे खंड १८८०च्या दशकात निघाले, तेव्हा त्यांत घाटांच्या लांबलचक याद्या देऊन कोणता घाट लादलेल्या बैलांना चालतो आणि कोणता केवळ पायी माणसांना, हे नमूद केलेले आढळते. अशा नोंदी करण्याची गरज वाटली हेच या वाटा तोवर जिवंत असल्याचे लक्षण आहे. विसाव्या शतकात दुसरा घाव धरणांनी घातला. टाटांच्या मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली झालेला १९२१चा सत्याग्रह जमिनींसाठी होता, पण त्या पाण्याखाली गावांबरोबर घाटांकडे जाणाऱ्या वाटाही गेल्या. पुढे कोयनेच्या शिवसागराने तेच केले. वासोट्याला आज बामणोलीहून लाँचने जावे लागते. कोकणातून, चोरवण्याकडून नागेश्वरमार्गे येणारी जुनी वाट तेवढी पायांची राहिली आहे, आणि तीही आता वनखात्याच्या परवानगीच्या कक्षेत आहे. स्वातंत्र्यानंतर एस.टी. पोहोचली, वरंध, ताम्हिणी, कुंभार्ली, आंबा, आंबोली या घाटांतून डांबरी रस्ते झाले, आणि उरलासुरला राबता आटला.

राबता, म्हणजे वाटेवरची नित्याची ये-जा, पूर्णपणे थांबलेला मात्र नाही. भीमाशंकर-आहुपे-नाणेघाट पट्ट्यातील महादेव कोळी व ठाकर, मुळशी-वेल्ह्याकडील धनगर, पायथ्याचे कातकरी व कुणबी यांच्या सोयरिकी आजही घाटाच्या वरखाली आहेत. खालच्या गावच्या मुली वर दिलेल्या असतात, वरचे लोक खालच्या बाजाराला उतरतात, महाशिवरात्रीला कोकणातले यात्रेकरू खांडसवरून गणेश घाटाने भीमाशंकरला चढतात, आणि रस्ता न पोहोचलेल्या वाडीतील आजारी माणसाला अजूनही डोलीत घालून घाटाने उतरवले जाते. डोंगरभटक्यांनी हे विसरता कामा नये, की ते ज्याला साहस म्हणतात ती दुसऱ्या कोणाची गैरसोय आहे.

शहरी भटक्यांनी घाटवाटांना आजचे रूप दिले ते गेल्या काही दशकांत. आरंभी मुंबई-पुण्यातील हायकिंगच्या संस्थांनी किल्ल्यांना जोडणाऱ्या बहुदिवसीय मोहिमा काढल्या. मुलुंडच्या चक्रम हायकर्सचे ‘सह्यांकन’ हे या परंपरेतले ठळक नाव. रजा कमी आणि वाहने जास्त होत गेली तसतशी एका दिवसाची चाल रूढ झाली : शनिवारी रात्री गाडीने निघायचे, घाटमाथ्यावरच्या एखाद्या गावात देवळात पाठ टेकायची, उजाडण्यापूर्वी विजेरीच्या प्रकाशात चालू लागायचे, आणि गाडी जेथे उभी आहे तेथेच अंधार पडेपर्यंत परत यायचे. जुन्या काळच्या वंजाऱ्याला हा प्रकार सांगितला असता तर त्याने हात जोडले असते. माल नाही, निरोप नाही, आणि जेथून निघाला तेथेच परत. तरीही या मांडणीने एक काम असे केले जे जुन्या प्रवाशालाही शक्य नव्हते. दोन शेजारच्या घाटांची तुलना एकाच दिवसात, एकाच माणसाच्या पायांनी होऊ लागली आणि एक घाट राजमार्ग का झाला व दुसरा चोरवाट का राहिला, हे वाचून समजण्याऐवजी चालून समजू लागले.

याचे उत्तम उदाहरण रायगडाच्या पूर्वेला, वेल्हे भागाच्या टोकाशी असलेल्या मोहरी आणि सिंगापूर या गावांच्या परिसरात मिळते. मोहरीपलीकडे रायलिंग पठाराच्या अलीकडून बोराट्याची नाळ सुरू होते. तोंडाशी झाडी आहे, आणि लगेच दोन्ही बाजूंचे कडे जवळ येतात. त्यांच्या मधल्या घळीत माठाएवढ्यापासून खोलीएवढ्यापर्यंत सर्व आकारांचे धोंडे अस्ताव्यस्त पडलेले आहेत, आणि त्यांच्यामधल्या उतारावर घसारा, म्हणजे पाय ठेवताच सरकणारा सुट्या दगडांचा चुरा, पसरलेला आहे. येथे दोन माणसांत अंतर किती ठेवावे, याचा नियम साधा आहे : एक तर हात पोहोचेल इतके जवळ, नाहीतर खालचा माणूस वळसा घेऊन आडोशाला गेल्यावरच वरच्याने निघायचे, कारण अर्धवट अंतरावर सुटलेला दगड वेग घेऊनच पोहोचतो. नाळ सरळ तळापर्यंत जात नाही. मध्येच ती सोडून कड्याच्या अंगाने उघड्या कातळावरून आडवे जावे लागते, आणि वळसा संपताच लिंगाण्याचा सुळका समोर उभा ठाकतो. या आडव्या टप्प्यावर हाताला धरायला खाचा आहेत, पायाला जागा आहे, पण खाली दरी आहे, आणि नवख्यांसाठी तेथे दोर लावणेच शहाणपणाचे. पुढे लिंगाण्याच्या खांद्यावरून लिंगाणमाची आणि पाने गाव. तेथून पायथ्याने दापोलीपर्यंत चालत गेले, की सिंगापूर नाळ वर चढते. नावाने तीही नाळच, पण वाट मळलेली, बहुतेक ठिकाणी वळणे घेत झाडीतून जाणारी, आणि दम लागला तरी धास्ती न वाटणारी आहे. एकाच कड्यात, हाकेच्या अंतरावर म्हणावे अशा या दोन नाळांपैकी एकीवर दगडांचे राज्य आणि दुसरीवर गावांचा राबता आहे. आणि पाने-दापोलीच्या पारावर चौकशी केल्यास देशावर जायला कोणती वाट घ्यावी याबद्दल दोन मते ऐकू येत नाहीत.

अशा चालींची काठिण्यपातळी ‘सोपी, मध्यम, अवघड’ अशा तीन शब्दांत सांगण्याची प्रथा आहे, आणि ती निरुपयोगी नसली तरी फसवी आहे. भीमाशंकरला एकाच खांडसवरून दोन वाटा चढतात. गणेश घाट लांबचा पण निर्धोक, आणि शिडी घाट जवळचा पण कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्यांचा. त्यांपैकी एक सोपी व दुसरी अवघड हे कोरड्या दिवसापुरते खरे आहे. शिडी घाट पावसात ओला झाला की त्याच्या अवघडपणाची जातच बदलते. त्याहून मोठा फरक दिशेने पडतो. सह्याद्रीचा कडा पश्चिमाभिमुख असल्यामुळे सकाळी सूर्य त्याच्या पाठीमागे असतो, आणि माथ्याची सावली कोकणच्या उतारावर बराच वेळ रेंगाळते; अरुंद नाळांत तर ऊन दुपारीच शिरते. कोकणातून पहाटे निघालेला माणूस म्हणून सबंध चढण सावलीत चढतो आणि दुपारी माथ्यावरून चालतो. घाटमाथ्यावर गाडी लावून निघालेला माणूस याच्या बरोबर उलट करतो : सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी उतार संपवतो, आणि तापलेल्या कातळातून, पश्चिमेचे ऊन पाठीवर घेत, सहाशे-सातशे मीटरची चढण दमलेल्या पायांनी चढू लागतो. हवा येथे हिमालयासारखी विरळ नाही. सह्याद्रीत चालणाऱ्याचा शत्रू उष्मा आहे. जानेवारीतल्या सुखद वाटणाऱ्या दिवशीही कोकणतळावर अकरानंतर अंगाची काहिली होते, आणि माणशी तीन-चार लिटर पाणी जवळ नसेल तर पंधरा-वीस किलोमीटरची चाल दुपारीच रेंगाळू लागते. या ग्रंथात प्रत्येक चाल कोणत्या अंगाने सुरू करावी हे आग्रहाने सांगितले आहे ते यामुळे. मुंबई-पुण्याहून गाडीची सोय कोठे आहे याचा विचार त्यात दुय्यम मानला आहे.

ऋतूचा विचारही याच ओघात येतो. पावसाळ्यात नाळा म्हणजे धबधबेच असतात, आणि त्या काळात त्यांत उतरण्याचा मोह धरणाऱ्यांना या ग्रंथाची कोणतीही मदत होणार नाही. ऑक्टोबरात वाट गुडघाभर, कधी कंबरभर गवताखाली दडलेली असते. डिसेंबरात गवत वाळते आणि आडव्या वाटांवर एक नवेच संकट उभे राहते, कारण वाळून आडव्या पडलेल्या गवताच्या थरावर बुटाचा तळ तेल लावल्यासारखा घसरतो. फेब्रुवारीनंतर ओढे आटतात, कित्येक डोंगरउतार वणव्याने काळे होतात, कड्यांवर आग्या मोहोळे लटकू लागतात. अशा कड्याखाली धूर करणे, मोठ्याने ओरडणे किंवा उग्र वासाचे अत्तर लावून जाणे यांचे परिणाम भटक्यांच्या जमातीने वारंवार भोगलेले आहेत. चालण्याजोगा काळ म्हणावा तर नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा पूर्वार्ध एवढाच निघतो, आणि याच काळात दिवस सर्वांत लहान असतो हा या छंदातला एक नेहमीचा पेच आहे.

वाट ओळखणे ही या चालीतली खरी विद्या. घाटवाटेवर पाट्या नसतात, पण खुणा असतात : बैलांच्या खुरांनी गुळगुळीत झालेला दगड, वळणावर रचलेली दगडी पायठण, दगडावर मुद्दाम ठेवलेला दगड, कोयत्याने छाटलेली कारवीची काठी, माथ्याजवळ शेंदूर फासलेली वाघजाई किंवा वाघदेव, आणि चढाच्या मध्यावर सावलीसाठी राखलेला एखादा जुना आंबा. याउलट सर्वांत जास्त फसवते ती ढोरवाट. ती रुंद, मळलेली आणि आकर्षक असते, पण गुरे चरायला जातात तिथपर्यंतच जाते आणि गवताळ पदरावर पंजासारखी फुटून नाहीशी होते. हल्ली मोबाइलवर कोणीतरी आधी चालून नोंदवलेला मार्ग घेऊन जाण्याची पद्धत पडली आहे. तिचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. पण त्या रेषेत आधीच्या माणसाच्या चुकाही तितक्याच ठळक निळ्या रंगात आखलेल्या असतात, आणि खोल नाळेत उपग्रहाचा संकेत कड्यांवर आपटून भरकटतो. शिवाय डोंगर स्थिर नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून अनेकांचे प्राण गेले. दर पावसाळ्यात लहान प्रमाणावर असे कोसळणे कोठे ना कोठे चालूच असते, आणि गेल्या वर्षी चाललेली नाळ यंदा तशीच असेल असे गृहीत धरता येत नाही.

सर्वच लांब चाली जोड-घाटांच्या नाहीत. उमरठजवळच्या ढवळे गावातून चंद्रगडाला वळसा घालून, बहिरीच्या घुमटीवरून महाबळेश्वरच्या आर्थर सीटवर निघणारी ढवळे घाटाची वाट एकमार्गी असूनही दिवस पुरा खाते. तिच्यात कडा, नाळ, पदर, धार असे सारे प्रकार क्रमाने भेटतात, आणि वर पोहोचल्यावर मक्याची कणसे विकणाऱ्या गाड्या व छायाचित्रे काढणारी गर्दी. दुसऱ्या टोकाला साम्रदची सांदण दरी व करोली घाट यांची जोडी आता इतकी लोकप्रिय झाली आहे, की सुटीच्या दिवशी सांदणीत दोरासाठी रांग लागते. त्यामुळे तिच्याविषयी येथे थोडक्यात आटोपले आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याला बेलपाड्याहून भिडणारी नळीची वाट प्रस्तरारोहणाची तयारी मागते आणि म्हणून चालीच्या ग्रंथात तिचा समावेश असावा की नसावा, याबद्दल मतभेद होऊ शकतो. येथे ती घेतली आहे, पण दोर हाताळता न येणाऱ्याने ते पान उलटून पुढे जावे.

एका गोष्टीबद्दल मात्र स्पष्ट बोलणे भाग आहे. घाटवाटा ‘विकसित’ करण्याच्या नावाखाली काही ठिकाणी सिमेंटच्या पायऱ्या, लोखंडी कठडे आणि रंगाचे बाण येऊ लागले आहेत. गावकऱ्यांना रस्ता, पूल, दवाखाना हवा असेल तर तो त्यांना मिळालाच पाहिजे, आणि त्यापायी एखादी घाटवाट मोडली तरी भटक्यांनी गळा काढू नये. परंतु भटक्यांच्या सोयीसाठी कातळावर रंग मारणे हे कोणाच्याच हिताचे नाही. बाण आंधळेपणाने पाळणारा माणूस वाटेकडे पाहणे सोडून देतो, आणि पावसात पुसट झालेला बाण त्याला अशा जागी सोडतो की जेथून परतायचे कसे हेही त्याला कळत नाही. डोंगरातील अपघातांत धावून जाणाऱ्या लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे कार्यकर्ते स्वतःची कामे सोडून, रात्री-अपरात्री, विनामोबदला कड्यांत उतरतात. त्यांना बोलावण्याची वेळ येऊ न देणे हे चालणाऱ्याचे पहिले कर्तव्य मानावे.

ग्रंथातील वर्णने, अंतरे आणि वेळा सहा ते आठ जणांच्या, डोंगराची सवय असलेल्या गटाला धरून दिल्या आहेत. मोठ्या गटाने त्यांत निदान दीडपट वेळ धरावा, आणि दुपारी दोनपर्यंत दुसऱ्या घाटाचा पायथा गाठला नसेल तर चढण्याचा हट्ट सोडून खालच्या गावातून वाहन करून परतावे. कोणत्याही घाटात पहिल्यांदा जाताना पायथ्याच्या किंवा माथ्याच्या गावातून वाटाड्या घ्यावा. पैसे आधी ठरवावेत, त्याचा दिवसाचा रोज बुडतो हे लक्षात घेऊन ते पुरेसे द्यावेत, आणि तो परत आपल्या घरी कसा व केव्हा पोहोचणार हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे, कारण चालणाऱ्यांची चाल जेथे संपते तेथून त्याला बहुधा तोच घाट अंधारात एकट्याने पुन्हा चढायचा असतो.